पाखडलेला ट्रम्पेट

एकच संगीत चार-चार वेळा विकत घेऊन त्यातलं खरं कुठलं याचा निकाल लावायला बसलेला माणूस साऱ्या कृष्णाकाठावर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानानं सांगतोय की तक्रारीच्या सुरात, ते मलाही आता नीट सांगता येत नाही, कारण या खटल्यात साक्षीदार म्हणून गेली कित्येक वर्षं मीच उभा आहे. ते सांगलीत विश्रामबागेत राहतात, मी साताऱ्यात. ते कोयनानगरच्या वीजगृहातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मी हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी नसत्या तर आम्हाला एकमेकांची ओळख व्हायचंही काही कारण नव्हतं. पण साडू हे नातंच असं आहे, की दोन माणसांना लग्नकार्यात शेजारी-शेजारी बसवलं जातं आणि मग उरलेलं आयुष्य ती तशीच बसून राहतात.

त्यांना जॅझचा नाद लागला तो डोंगराच्या पोटात. तिथलं वीजगृह जमिनीखाली आहे. एकदा यंत्राच्या दुरुस्तीसाठी परदेशातून एक तंत्रज्ञ आला होता. तो विश्रामगृहावर संध्याकाळी एक कॅसेट लावून बसायचा आणि परत जाताना ती साडूंना देऊन गेला. साडूंच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्यांदा ऐकताना त्यांना काहीही कळलं नाही. एवढंच कळलं, की चार यंत्रं चार वेगवेगळ्या वेगानं फिरतायत आणि तरी एकही तापत नाहीये. "पाव्हणं, हे कसं जमवत्यात ते बघावं म्हणून परत लावली," ते सांगतात, "आन तिथंच अडकलो." नोकरीत त्यांचं कामही ऐकण्याचंच होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतलं बेअरिंग कुरकुरतंय का ते ऐकायचं. निवृत्तीनंतर वीजगृह सुटलं, स्क्रूड्रायव्हर सुटला नाही. घरातला मिक्सर, फ्रिज, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, सगळ्यांची छाती तपासून झाली आहे. एकदा आम्ही दोघं एसटीनं सांगलीला निघालो होतो, तेव्हा यांनी खिडकीच्या खालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर लावला आणि भरल्या गाडीत जाहीर केलं, "हिचं मागलं चाक कराडच्या पुढं जाणार न्हाई." लोक माझ्याकडं रागानं बघायला लागले, जसं काही चाक मीच ढिलं केलं होतं. गाडी कराडच्या पुढं अगदी व्यवस्थित गेली. साडू सांगली येईपर्यंत नाराज होते.

जॅझ या शब्दानंही त्यांची एकदा गंमत केली. कॉलनीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी कुणाकडून तरी ऐकलं, की या साहेबांकडं जॅझचा मोठा संग्रह आहे. पोरांच्या कानात तो शब्द झांज म्हणून शिरला, आणि चार कार्यकर्ते हार घेऊन दारात हजर. "सायब, झांजपथकाची स्पर्धा ठेवलीय. परीक्षक तुमीच." दुसरा कुणी असता तर त्यानं चूक दुरुस्त केली असती. यांनी हार घालून घेतला. मी त्या दिवशी योगायोगानं सांगलीत होतो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अंग चोरून बसलो होतो. पथकं येत होती, कानठळ्या बसत होत्या आणि साडू डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर करून एक पथक थांबवलं. "मागल्या ओळीत कडंला हाय त्यो गडी, त्याची झांज चिरलीय." पोरानं झांज उलटी करून बघितली. खरंच केसाएवढी चीर होती. त्या दिवसापासून विश्रामबागेत त्यांचं नाव झांजवाले साहेब पडलं आणि तेही त्या नावाला ओ द्यायला लागले. "त्यांचं काय चुकलं?" ते मला म्हणाले. "दोन्हीकडं पितळच वाजतंय की."

पण त्यांचं खरं वेड म्हणजे तबकड्यांच्या आवृत्त्या. एखादी जुनी, गाजलेली जॅझची रेकॉर्ड सीडीवर एकदाच निघत नाही. ती कंपन्या पुन्हा पुन्हा काढतात आणि दर वेळी मूळ टेप साफसूफ करून आवाज उजळवला असं सांगतात. या प्रकाराला बाहेर रिमास्टर म्हणतात, साडूंच्या घरात त्याला पाखडणं म्हणतात. जुन्या टेपवर एक सळसळ असते. ती काढायला म्हणून लोक बसतात आणि कोंड्याबरोबर दाणेही सुपाबाहेर घालवतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. म्हणून त्यांच्याकडं न पाखडलेली प्रत, पाखडलेली प्रत आणि लय पाखडलेली प्रत अशी वर्गवारी आहे. त्यांच्या सगळ्यात लाडक्या रेकॉर्डच्या चार प्रती आहेत. जपानी प्रत सोवळ्यातली, हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही. जर्मन प्रत शिस्तीची, पण ऐकताना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लावणारी. अमेरिकन प्रत नुसती मोठ्यानं बोलणारी. आणि चौथी खास आवृत्ती, जिच्यात वादकांनी त्या वेळी नापसंत करून टाकून दिलेलं वादनही भरलंय. तिच्याविषयी साडू म्हणतात, "लग्नाच्या आल्बमात डोळं मिटलेलं फोटो पन चिकटवल्यात." पुण्यातल्या भाच्यानं एकदा सांगितलं, की हे सगळं आता मोबाईलवर फुकट ऐकता येतं. साडूंनी त्याला प्रेमानं जवळ बसवून विचारलं, "कुठली प्रत?" भाच्याला प्रश्नच कळला नाही. त्या दिवसापासून त्या भाच्याच्या नोकरीविषयी साडूंच्या मनात शंका आहे.

हा खेळ असाच चालू राहिला असता, पण ते जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आले आणि अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कायदा केला. तबकड्यांना एकच फळी मिळेल. एका रेकॉर्डची एकच प्रत ठेवायची, बाकीच्या वाटून टाकायच्या. "घरात गहू निवडायचं पडल्यात," अक्का म्हणाल्या, "आन हे प्लास्टिक पाखडत बसल्यात." साडूंनी कायदा मान्य केला, फक्त अंमलबजावणीला वेळ मागितला. आता इथं मी कसा आलो? तर वीजगृहात त्यांचा एक नियम होता. एकट्याच्या कानावर विश्वास ठेवून यंत्राच्या प्रकृतीचा निर्णय घ्यायचा नाही. दुसऱ्यानं ऐकून "व्हय" म्हटलं पाहिजे. तो दुसरा कान म्हणून त्यांनी मला नेमलं.

मग माझी सांगलीची प्रत्येक फेरी त्या निवडीत जाऊ लागली. मला खुर्चीत बसवायचं, मोठे हेडफोन कानांवर चढवायचे आणि चष्म्याचा नंबर काढणाऱ्या डॉक्टरसारखं विचारायचं, "हे एक... आन हे दोन. कुठलं?" सुरुवातीला मला एक आणि दोन यांत काडीचा फरक कळत नव्हता. मी असल्या गोष्टी मनाला लावून घेणारा माणूस आहे. अक्कांनी केलेले पोहे खायचे, या माणसाचा सगळा दिवस घ्यायचा आणि वर काहीच ऐकू यायचं नाही, याची मला शरम वाटायची. मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "न कळनं ही पन साक्षच हाय. घाबरू नका." आणि खरोखर, हळूहळू कळायला लागलं. जपानी प्रतीत ट्रम्पेट वाजवणारा सूर धरण्याआधी श्वास घेतो, तो ऐकू येतो. अमेरिकन प्रतीत तो श्वास नाही, माणूस जणू पंपावर चालतो. हे ऐकायला शिकल्यावर माझं वर्गातलं ऐकणंही बदललं. पोरगं धडा वाचताना कुठं अडखळतंय हे आधीही कळायचं, आता कशानं अडखळतंय तेही कळायला लागलं. न खाता आलेल्या पोराचा आवाज वाक्याच्या शेवटी विझतो. एवढी वर्षं शिकवत होतो आणि हे मला एका इंजिनिअरनं शिकवलं, तेही न शिकवता.

मागच्या वर्षी अक्कांच्या नातवाच्या बारशाला आम्ही सांगलीला गेलो. मला सर्दी झाली होती आणि डाव्या कानाला आदल्या दिवसापासून दडे बसल्यासारखे झाले होते. कान काय, उतरेल सर्दीबरोबर, असं म्हणून मी कुणाला बोललोही नव्हतो. बाहेर पानं मांडायची गडबड चालली होती. साडूंनी मला हळूच आतल्या खोलीत ओढलं, दार लोटलं आणि नवीनच आलेली एक पाचवी प्रत लावली. हेडफोन चढवून मी ऐकायला लागलो. पियानो होता, ड्रम होते, पण ट्रम्पेटचा पत्ताच नव्हता. मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याआधी मला दोष सापडला होता.

"साडूभाऊ," मी ओरडलो, "ह्यांनी पाखडता पाखडता ट्रम्पेटच उडवला की!"

ते खूश झाले. "काय सांगताय! बघू." त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर घेतले. हसू होतं ते हळूहळू मावळलं. त्यांनी हेडफोन परत माझ्या डोक्यावर चढवले, पण उलटे, डावी बाजू उजवीकडं. ट्रम्पेट हजर झाला आणि ड्रम गायब.

"आता ड्रम गेले," मी म्हणालो.

त्या जुन्या रेकॉर्डींवर एक वाद्य पुरतं डावीकडं आणि दुसरं पुरतं उजवीकडं ठेवायची पद्धत होती. हे त्यांनी मला नंतर समजावलं. तेव्हा त्यांनी फक्त यंत्र बंद केलं. "पाव्हणं, प्रत बरी हाय. उठा."

"कुठं?"

"उठा म्हन्तोय न्हवं."

दारातून बाहेर पडताना अक्का आडव्या आल्या. "आवं, पानं वाढलीत! पाव्हण्यास्नी कुठं घेऊन चाललाय?"

"झाकून ठेव."

"पानं झाकत्यात व्हय कुनी!" अक्कांचा आवाज जिन्यापर्यंत आला. बारशाच्या घरातून, कपाळावर गंध लावलेला मी, त्यांच्या स्कूटरवर मागं बसून कानाच्या डॉक्टरांकडं निघालो. वाटेत मी तीनदा म्हणालो, की मळ असेल. त्यांनी दर वेळी स्कूटरचा वेग वाढवला.

मळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, की आतली नस अचानक झोपली आहे. असा कान पहिल्या काही दिवसांत हाती लागला तर औषधानं जागा होण्याची आशा असते, सर्दी म्हणून पंधरवडा काढला तर नसते. दुसरा कान सांभाळा म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर माझा वर्ग आला, डावीकडच्या खिडकीलगतची बाकांची रांग आणि तिथून ओठ हलवणारी मुलं. बाकी काही नाही, तेवढंच. साडू डॉक्टरांना म्हणाले, "सायब, पाव्हणं मास्तर हायत. पोरांचं ऐकावं लागतं त्यास्नी." आयुष्यात मी कुणाच्या तोंडून माझ्या नोकरीचं इतकं चांगलं वर्णन ऐकलेलं नाही.

कान जागा झाला, पण अर्धामुर्धा. रोजच्या बोलण्यापुरतं ऐकू येतं, मी वर्गात टेबल डाव्या भिंतीला लावून घेतलंय आणि मुलं सगळी माझ्या उजव्या हाताला असतात. शिकवणं सुटलं नाही. ज्या माणसामुळं सुटलं नाही त्याच्याकडं मात्र मला जाववेना. त्यांचा निकाल अर्ध्यावर राहिला होता, अक्का फळीसाठी थांबल्या होत्या, आणि त्यांनी एवढ्या चिकाटीनं घडवलेला दुसरा कान मी असा घालवून बसलो होतो. दोनदा ठरवलेली फेरी मी परीक्षेचं काम सांगून टाळली. शेवटी फोनवर म्हणालो, "साडूभाऊ, आता दुसरं कुणीतरी बघा. माझी साक्ष धरू नका." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते बरं मला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

मग एका रविवारी सकाळी ते साताऱ्याला आमच्या दारात उभे. हातातल्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला सीडी प्लेअर, हेडफोनचे दोन जोड आणि एकच तबकडी. त्याच लाडक्या रेकॉर्डची, पण मोनो. म्हणजे डावं-उजवं असलं काही नाही, सगळे वादक दोन्ही कानांत सारखेच. एका कानाच्या माणसाचंही ज्यात काही बुडत नाही अशी. ही प्रत त्यांच्या संग्रहात कधीच नव्हती, कारण मोनोविषयी त्यांचं मत मला ठाऊक होतं. "एका डोळ्यानं कोयनेचं धरन बघायचं असलं तर घ्यावं मोनो," असं ते म्हणत.

"हीच खरी," आज ते म्हणाले. "लय वरसं आमी चुकीचं ऐकत हुतो. बाकीच्या वाटून टाकल्या."

"जपानीसुद्धा?"

"व्हय." ते वायर जोडण्यात गुंतले होते, मान वर करत नव्हते. "झांजवाल्या पोरांस्नी दिली. ऐकू देत."

एक की दोन, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला दुसरी प्रतच आणली नव्हती. ज्या माणसानं आवाजाच्या बाबतीत जन्मात कुणाची भीड ठेवली नाही, तो माझ्या घराच्या ओसरीवर बसून खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्याचे कान लाल झाले होते. मी हेडफोन चढवले. ट्रम्पेट कपाळाच्या मधोमध आला. सूर धरण्याआधीचा श्वाससुद्धा.

"कसं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "हीच."

आम्ही पूर्ण तबकडी ऐकली. संपल्यावर दोघांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आतून बायकोनं काहीतरी विचारलं असावं, माझ्या डाव्या बाजूनं. मला ऐकू आलं नाही. मला आलं नाही हे साडूंना कळलं, आणि त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून सांगून टाकलं, "च्या आर्धा कपच टाक म्हन्त्यात."

मी काहीच म्हणालो नव्हतो. पण मला अर्धा कपच हवा होता.