दोन कानांची गाठ

"बाई, तुमचं काम काय?" असं कुणी आक्काला विचारलं असतं, तर शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेली पस्तीस वर्षं तिने सांगितलीच नसती. ती म्हणाली असती, "भावाच्या बुटाची लेस बांधते." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. जन्मापासून त्याची समजण्याची चाल जरा सावकाश. आकडे वीसच्या पुढे गेले की तो हात झटकून मोकळा होतो, घड्याळ त्याला कळत नाही. पण समोरचा माणूस खुशीत आहे की रडून आलाय, हे ओळखण्यात तो भल्याभल्यांचे कान कापेल. दोन्ही हात पाठीमागे बांधून लोकांच्या कामावर देखरेख करायची त्याला भारी हौस, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत.

आई गेल्यापासून आक्काची सकाळ ठरलेली. मुकादम पायरीवर बसून पाय पुढे करायचा, आक्का वाकून लेस बांधायची आणि तो रोज तोच विनोद करायचा, "घट्ट बांध, नाहीतर पाय पळून जाईल!" आणि आक्काही रोज तेवढीच हसायची, खोटं नव्हे, खरंच.

मग आक्काच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. आणि ज्या प्रश्नाला ती इतकी वर्षं पाठ दाखवत आली होती, तो आता समोर येऊन बसला. माझ्यानंतर याचं कोण?

दोन गल्ल्या पलीकडे मुकादमासारख्या चार जणांचं एक घर होतं. मदतीला पाळीपाळीने एक ताई असायची. स्वयंपाकात हात लावायला, औषधं बघायला, बँकेत सोबत जायला, आणि हे सगळं जन्मभर. आधी एक महिना राहून बघायचं, मग बैठक, आणि त्या बैठकीत राहायचं की नाही ते मुकादमानेच सांगायचं. अर्ज आक्कानेच भरला. भरला आणि दुसऱ्या दिवसापासून हे काही जमू नये म्हणून मनातल्या मनात धावा सुरू केला. आता काय म्हणावं या बाईला!

पण जमायला लागलं ना! महिनाभरासाठी तिथे गेलेला मुकादम भिंतीवरची चित्रं बघून कपडे धुवायला शिकला. गुरुवारची भाजी तो निवडू लागला, आणि इतरांनी निवडलेली तपासूही लागला. आक्काच्या हातात एकच हुकमी पान उरलं.

"बाकी सगळं ठीक आहे हो," ती पहिल्याच सकाळी दारात उभी राहून ताईला म्हणाली होती, "पण लेस? ती त्याला येत नाही."

"आम्ही शिकवू की."

"मला इतक्या वर्षांत जमलं नाही, तुम्हाला जमणार?"

तेव्हापासून रोज साडेसातला आक्का गुडघे ओढत हजर. मुकादमही पायरीवर पाय पुढे करून तयार.

बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र गुडघा असा काही धरला की आक्का पोचली तेव्हा सव्वाआठ झाले होते. मुकादमाला कामावर नेणारी बस निघून गेलेली.

"लेस कुणी बांधली?"

ताईचा चेहरा पडला. "मी गॅसपाशी होते हो..."

सुटी लेस, बसची पायरी, वर्दळीचा रस्ता! आक्काने टॅक्सी केली आणि तडक त्याच्या कामाच्या जागी गेली. वीस वर्षांत ती फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. "आज काय केलंस?" असं ती विचारायची, तो "खोकी" म्हणायचा, दोघांचंही समाधान व्हायचं.

आत लांबलचक टेबल होतं, त्यावर केकची खोकी. टेबलाच्या टोकाला मुकादम. त्याने लाल रिबीन खोक्याखालून घेतली, वर आणून तिढा दिला, दोन कान काढले, एकातून एक ओढले आणि खोकं पुढे सरकवलं. लगेच दुसरं घेतलं. त्याच्या मागे खोक्यांची भिंत उभी राहिली होती आणि प्रत्येकावर दोन कान, अगदी सारखे.

आक्काने टेबलाखाली वाकून पाहिलं. डॉक्टर गेले खड्ड्यात. बुटांवरही तसेच दोन कान. तिच्या गाठीपेक्षा सरस.

"रिबीन आम्ही याच्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. "सतरा वर्षं झाली."

आक्का मटकन स्टुलावर बसली. "मेल्या, तुला येतं?"

"येतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." त्याने हातातली गाठ पुरी केली, कान सारखे केले. "आणि तुला आवडतं."

आक्का हसायला लागली. हसता हसता डोळे वाहायला लागले, तेव्हा मुकादमाने रिबिनीचा एक तुकडा तिला डोळे पुसायला दिला. त्याने काय पुसलं जाणार कपाळ! पण तिने पुसले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत अधिकारीबाईंनी विचारलं, "मुकादम, इथे राहायचं की घरी?" त्याच्या वतीने उत्तर द्यायची आक्काची जुनी खोड. तिने जीभ दाताखाली धरली.

"इथे," मुकादम म्हणाला.

आक्काच्या काळजात कळ आली, नाही असं नाही. पण तिच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पण रविवारी आक्का येणार," तो पुढे म्हणाला. "रविवारी मी लेस बांधणार नाही. लिहा." बाईंनी ते जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

रविवारी आक्का पोचली तर मुकादम पायरीवर नव्हताच. तो अंगणात खुर्चीत बसला होता. समोर तिच्यासाठी दुसरी खुर्ची, मध्ये उंच स्टूल आणि त्यावर त्याचा बूट घातलेला पाय. दोन्ही लेस सुट्या.

"वाकायचं नाही," त्याने हुकूम सोडला. "बस."

ती बसली, लेस हातात घेतली. "घट्ट बांधू?"

"घट्ट बांध, नाहीतर पाय पळून जाईल!"

दोघं पोट धरून हसले. गाठ झाल्यावर मुकादम उभा राहिला, हात पाठीमागे घेतले आणि बुटाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"एक कान मोठा झालाय," तो म्हणाला. "सोड. पुन्हा बांध."