एकटीची सफ

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा मशिदीत जाऊन नमाज पढले, आणि ती मशीदही परदेशातली, इंडोनेशियातली. मनोरला आमच्या घरापासून मशीद हाकेच्या अंतरावर होती. जुम्म्याच्या दुपारी अब्बांचं ताट झाकून ठेवून अम्मी म्हणायची, "नमाज सुटली का बघ गं." मी ओटीवरून बघायचे. पुरुष चपला शोधत बाहेर येताना दिसायचे, आतलं काही दिसायचं नाही. त्याचं मला वाईटही वाटायचं नाही. बायका घरी पढतात, एवढंच ठाऊक होतं.

पुढे मी इतिहास शिकले आणि पालघरच्या कॉलेजात शिकवू लागले. पीएच.डी.साठी विषय घेतला तो आमच्या किनाऱ्यावरची छोटी बंदरं आणि तिथून गुजरातकडे जाणारी गलबतं. त्यासाठी एडवण, तारापूर असं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे. एडवणचे एक आजोबा मला प्रत्येक वेळी विचारत, "बाय, ह्या जुन्या गोष्टी लिवून तुमाला काय मिलते? आमाला तर कोन इचारत नाय." मग तासभर बोलत बसत. त्या किनाऱ्यावर मला कधी परकं वाटलं नाही. परकं वाटायचं ते परत आल्यावर. लग्न झालं नव्हतं, धाकटा भाऊ कुवेतला, अब्बा कधीच गेलेले. बोईसरच्या फ्लॅटमध्ये मी आणि अम्मी. मग अम्मीही गेली.

ती असताना मगरीबच्या वेळी आम्ही दोघी जानमाज शेजारी शेजारी अंथरून पढायचो. तिचा गुडघा दुखायचा म्हणून ती खुर्चीवर बसून पढे. ती गेल्यावर खुर्ची मी गॅलरीत नेऊन ठेवली. पण संध्याकाळी नमाजला उभी राहिले की डावा खांदा मोकळा मोकळा वाटायचा. दुःखाचं म्हणाल तर ते मी तिथेच ओळखलं, खांद्यात.

त्याच वर्षी इंडोनेशियातल्या एका विद्यापीठाने समुद्री व्यापारावरच्या परिषदेला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. तिथे जिकडेतिकडे मुसलमान, आणि मी मात्र अगदीच एकटी. माझी भाषा कुणाला येईना, त्यांची मला. जेवताना लोक विचारायचे, "इंडिया? हिंदू?" मी मुसलमान आहे म्हटल्यावर हसून मान डोलवायचे आणि पुन्हा आपापसात बोलू लागायचे. शुक्रवारी मला बोलावणाऱ्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, चला मशिदीत. मी दचकलेच. त्या मला मागच्या दालनात घेऊन गेल्या. भिंतीवर पांढऱ्या झग्यांची रांग टांगलेली, बायका आपले कपडे तसेच ठेवून वरून तो झगा चढवत होत्या. मीही चढवला. एका आजीबाईंनी माझा हात धरून मला रांगेत ओढलं आणि खांद्याला खांदा भिडवून उभं केलं. त्यांच्या अंगाला लवंगेचा वास होता. सज्द्यात कपाळ जमिनीला टेकलं आणि मला रडू फुटलं. नमाज संपल्यावर आजीबाईंनी झग्याच्या टोकाने माझे डोळे पुसले, काहीतरी म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मला आजतागायत माहीत नाही.

परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. भावाला फोन केला. तो म्हणाला, "आपा, आता हे काय नवीन? लोक तुला आधीच मॅडम म्हणून टरकून असतात."

आमच्या भागातल्या मशिदीचे ट्रस्टी लाकडाची वखार चालवतात. वयस्कर आहेत, अब्बांना ओळखायचे. त्यांना मी चाचा म्हणते. मी वखारीत जाऊन त्यांना सांगितलं की बायकांसाठी मशिदीत जागा हवी. त्यांनी करवतीचं यंत्र बंद करायला लावलं, म्हणजे मी पुन्हा एकदा नीट सांगावं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, कमिटीसमोर बोल. मी बोलावतो."

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर मशिदीच्या ऑफिसात बैठक झाली. मी फिकहची, म्हणजे धर्मशास्त्राची पुस्तकं वाचून तयारीने गेले होते. पैगंबरांच्या काळात बायका मशिदीत येत, हे मी हदीसांचे दाखले देऊन मांडलं. कुणी वाद घातला नाही. एक जण म्हणाला, "औरतों का घर में पढ़ना अफ़ज़ल है, बेहतर है, मॅडम." दुसरा माझ्याकडे न बघताच बोलला, "टीव्ही पे बोलते बोलते अब यहाँ भी आ गईं." खरं तर टीव्हीवर मी एकदाच बोलले होते. पण संविधान दिन असो की महिला दिन, कुणाला 'मुस्लिम स्त्री' हवी असली की फोन मला येतो. त्या स्टेजवर माझी ओळख करून देणारे माझ्या बंदरांबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

चाचा शेवटी म्हणाले, "जिन्याखालची खोली देऊन बघू."

ती सामानाची खोली होती. इफ्तारची पातेली, जादाच्या चटया आणि भिंतीला टेकवून ठेवलेली जनाज्याची खाट. तिला गल्लीतून वेगळं दार होतं. मी पातेली एका कोपऱ्यात रचली, फरशी पुसून काढली. चाचांनी मशिदीतला आवाज ऐकू यावा म्हणून एक स्पीकर बसवून दिला. खाट हलवायला जागाच नव्हती, ती राहिली.

कॉलेजात विनंती करून शुक्रवारची दुपार मोकळी करून घेतली. आमच्या इमारतीतल्या बायकांना घरोघरी जाऊन सांगितलं. एकीची मुलं त्याच वेळी शाळेतून यायची, एकीच्या नवऱ्याचं जेवण असायचं. एक जण खरं बोलली, "आपा, तुमचं ठीक आहे. तुम्हाला विचारणारं कोण आहे?" तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण घरी येऊन मी बराच वेळ चप्पलसुद्धा काढली नाही.

पहिल्या शुक्रवारी मी एकटीच होते. दुसऱ्याही. मग तसंच होत गेलं. नमाजच्या रांगेला सफ म्हणतात. पुरुषांच्या मागे बाई एकटी उभी राहिली तरी तिची तिची सफ होते, नमाज पूर्ण होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि बैठकीत सांगितलंही होतं. तेव्हा तो माझा मुद्दा होता. आता ती माझी जागा झाली. स्पीकरमधून इमामांचा 'आमीन' यायचा, त्यामागे शेकडो पुरुषांचा, आणि मी माझा आमीन हळूच म्हणायचे. एकदा नमाज संपते तोच दार वाजलं. कुणी वारलं होतं, खाट हवी होती. मी गल्लीत जाऊन उभी राहिले. खाट घेऊन जाणाऱ्यांनी माझ्याकडे न बघता सलाम केला.

एका वार्ताहराला कुठून तरी बातमी लागली. मशिदीचं दार स्त्रियांसाठी उघडलं, असं त्याला छापायचं होतं, माझा फोटो हवा होता. मी नको म्हणाले. छापून आलं असतं तर चाचांना कमिटीत तोंड द्यावं लागलं असतं आणि खोलीला कुलूप लागलं असतं. मुंबईतल्या एका संघटनेतली माझी जुनी मैत्रीण त्यावर चिडली. "अडगळीची खोली घेऊन तू गप्प बसलीस? हा समझोता आहे," म्हणाली. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना तर मी नमाज पढते याचंच नवल. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या!" असं स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणे. मलाच कधी कधी कळायचं नाही, मी तिथे अल्लाहसाठी जाते की हट्टासाठी.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. खुतबा, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, चालू होता आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. एका औषध कंपनीत पॅकिंगला होती, मूळची बिहारची. शुक्रवारी त्यांना सुट्टी. तिने आत डोकावून विचारलं, "यहाँ रो सकते हैं?"

मी म्हटलं, "या ना, बसा."

तिची आई दोन दिवसांपूर्वी गावी वारली होती. तिकीट मिळालं नाही, पोचेपर्यंत माती उरकलेली असणार म्हणून घरच्यांनीच येऊ नको म्हटलं होतं. चाळीत एका खोलीत सहा जणी राहायच्या. तिथे रडायला जागा नव्हती. ती पातेल्यांच्या बाजूला बसली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडू लागली. मी म्हटलं, "मोठ्याने रडलात तरी चालेल, वर ऐकू जात नाही." खरं तर जात असेल. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, खुतबा काय चालला होता मला आठवत नाही. नमाज सुरू होत असल्याची हाक, इकामत, झाली तशी ती डोळे पुसून उठली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिचा खांदा गरम होता, अजून हुंदक्याने हलत होता.

त्यानंतर ती काही शुक्रवार येत राहिली. नमाज झाली की आम्ही तिथेच थोडा वेळ बसायचो. ती आईच्या हातच्या लिट्टीबद्दल सांगायची, मी अम्मीच्या तांदळाच्या भाकरीबद्दल. मग कंपनीने कंत्राटी बायका कमी केल्या आणि ती गावी परत गेली. जाताना माझ्या कुशीत शिरली, पण रडली नाही.

मी पुन्हा एकटी जाऊ लागले. चाचांनी मध्यंतरी खोलीत पंखा बसवून दिला. कमिटीतला एक जण म्हणाला, एकीसाठी पंखा कशाला? चाचा म्हणाले, "एकीला गरम होत नाही का?" हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ती स्वतः मात्र अजून आलेली नाही.

मागच्या आठवड्यात बिहारहून फोन आला.

"आप अब भी जाती हैं वहाँ?"

"जाती हूँ."

"अकेली?"

"हाँ, अकेली."

तिच्याकडे कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी हंडा घासत होतं. तिने विचारलं, "खाना खाया?"

मी म्हटलं, "अभी नहीं." आणि कुकर लावायला उठले, फोन कानाशी तसाच धरून.