सोयाबीनची पेज

वळसंगच्या केराबाईसारखी हट्टी म्हातारी शोधून सापडायची नाही. पण आई मेलेलं कोकरू जगवायचं म्हटलं की सारी धनगरवस्ती तिच्याच दारात यायची. शेळीच्या दुधाची बाटली लावून तिने अशी कितीतरी पिलं मोठी केली होती.

यंदा तिचीच मेंढी व्याली आणि दोन कोकरं मागे ठेवून गेली. नेमक्या शेळ्या आटलेल्या. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्या नंदीशने सोयाबीनचं पीठ आणि एन्झाइमची पुडी आणून दिली.

"आक्का, कोवळ्या पोटाला सोयाबीन पचत न्हाय. ही पूड त्यातलं प्रोटीन आदीच फोडून ठिवती. पेज शिजवा, कोमट झाली की पूड घाला, दुपारभर झाकून ठिवा. मग पाजा."

केराबाईने मान हलवली खरी. पण तान्ह्या जिवाच्या तोंडी न शिजलेला कण जाऊ द्यायचा नाही, ही तिच्या सासूची शिस्त. परक्याची पूड अशीच कच्ची कशी द्यायची? तिने ती चुलीवरच्या पेजेत टाकली आणि चांगली रटरटू दिली.

"आत्या, त्यांनी कोमट सांगितलंय की," सून रुपाली म्हणाली.

"तुज्या नंदीशनं किती कोकरं वाडवली गं?"

रुपाली भांडी घासायला वळली. म्हातारीपुढे कोण डोकं फोडून घेणार!

कोकरांना हगवण लागली. थोरल्याने केराबाईच्या मांडीवरच मान टाकली. नंदीश धावत आला. पेज कशी केली, असं त्याने विचारलं.

"पुडीसकट लई उकळली बाबा. काय बी कच्चं ठिवलं न्हाय."

नंदीशने खाली पाहिलं. "आक्का, उकळली की पुडीचा गुण मरतो. नुसतं सोयाबीनच गेलं की पोटात."

"म्हंजे मी घातलेलं त्येला लागलंच न्हाय? भरल्या पोटी उपाशी मारलं व्हय मी त्येला?"

नंदीशने स्वतः नवी पेज केली, निववली, पूड कालवून झाकून ठेवली. ती पिऊन धाकट्याची हगवण हळूहळू थांबली. चार दिवसांत ते उभं राहिलं आणि ओरडत केराबाईच्या लुगड्याला ढुशा देऊ लागलं. केराबाईने बाटली सुनेच्या हातात दिली.

"तूच पाज."

"आत्या, ते तुमाला हुडकतंय की."

"हुडकू दे," केराबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.