कुंपणाबाहेरचा मामा

देवाशी माझ्या थोरल्या मामाइतकं नेमानं भांडलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि तेही देव मुळात नाहीच असं त्याचं ठाम मत असताना. आमच्या वस्तीतली भाविक मंडळी मला अजून सांगतात, त्याच्याबद्दल लिहू नकोस, आपल्याच लोकांची शोभा होते. म्हणून तर लिहायला बसले. शेवगावपासून आत कोरडवाहू पट्ट्यात आमचं गाव, गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याच्या छपराचं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. देवळासमोर मोठा कडुलिंब होता आणि त्याच्या सावलीत मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. रविवारी तो दुकान बंद ठेवायचा, सकाळी गुळगुळीत दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि उपासनेची घंटा झाली की दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. आत मात्र कधी पाऊल टाकायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आत गेलं की नुसतं ऐकून घ्यावं लागतंय. भाईरनं बोलता तरी येतंय."

आणि बोलायचाही. देवळाची दारं-खिडक्या उघड्याच असत, त्यामुळे आतला शब्द बाहेर आणि बाहेरचा आत, अशी विनाअडथळा वाहतूक चाले. आमचे पाळकसाहेब तरुण होते, नगरहून नुकतेच आलेले, स्वभावानं मऊ. दुष्काळाच्या वर्षी एकदा ते पाण्याचा द्राक्षारस झाल्याची गोष्ट सांगायला लागले. मंडळी रंगात आली, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "साहेब, रसाचं मागनं बघू. आदी पानी दावा." पुढच्या बाकावरचे पंच खाकरले, मागच्या बाकावरच्या बाया पदरात हसल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, कारण प्रार्थना चालू असताना मामा बोलत नसे. एवढी एकच रीत तो पाळायचा.

त्या रीतीलाही एक अपवाद होता. मार्थाबाई म्हणून आमच्याकडे एक वृद्ध बाई होत्या. वस्तीत घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, काठीसारख्या ताठ, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. दर रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली की त्या उभ्या राहायच्या आणि मामाचं नाव घेऊन म्हणायच्या, "हे स्वर्गीय बापा, बाहेर पायरीवर बसलेल्या त्या कठीण अंतःकरणाच्या माणसाला तू मोड, आणि तुझ्या घरात त्याला जागा दे." लगेच बाहेरून उत्तर यायचं, "बाई, आवाज मोठा करा. वर काय ऐकू जाईना." बाई खरंच आवाज चढवायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. आम्हा पोरींना तर आधी वाटायचं की हा उपासनेचाच एक भाग आहे.

वस्तीत एक लाडकी कथा होती की मामी गेली म्हणून मामा देवावर रुसला. ही कथा सांगणाऱ्याला मामा दुकानाच्या पायरीवर उभं करत नसे. "तिला कशाला मधी आनता? मी आदीपास्नंच असा हाय," म्हणायचा, आणि ते खरं होतं. लग्नाच्या दिवशी तो देवळात गेला होता, आयुष्यात तेवढाच, आणि वचन देताना 'देवासमक्ष' हा शब्द गाळून त्यानं सरळ 'सगळ्यांसमक्ष' म्हटलं होतं. मामीनं ते ऐकलं, हसली आणि त्याच्याशी लग्न केलं. मामीचा देव भक्कम होता, नवऱ्याच्या बोलण्यानं हलणारा नव्हता. उपासना सुटली की ती पायरीपाशी यायची, मामा विचारायचा, "काय म्हनले आज?" आणि घरापर्यंत ती प्रवचन सांगायची, तो खोडून काढायचा. घर आलं की दोघं चहा प्यायची. इतका सुखी संसार मी विश्वासणाऱ्यांतही फार पाहिला नाही.

बरं, मामाचा राग फक्त आमच्या देवावर होता असंही नाही. पायरीवरून दिसणाऱ्या आमच्या कबरस्तानाला लागून ज्याचं शेत होतं, त्या शेतकऱ्यानं नवी सायकल घेतली आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. पंक्चर काढायला आला की मामा आधी ती कापून टाकायचा, मग चाक खोलायचा. शनिवारी शेतकरी नवी बांधायचा. "माज्या सायकलीचा देव तुला काय करतो रं?" तो विचारायचा. "काय करत न्हाई, हेच तर म्हनतो मी," मामा म्हणायचा. एकदा नगरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक दुकानावर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं एक ख्रिस्ती नास्तिक आहे. ते मामाला म्हणाले, आमच्या सभेला या आणि तुमच्या समाजाचा भंपकपणा लोकांसमोर मांडा, मिशनच्या दुधाच्या भुकटीसाठी धर्म बदललेल्यांची पोल खोला. मामानं हातातला पाना खाली ठेवला. "माज्या आज्याला गावच्या आडावर पानी भरू देत न्हवते, तवा तुमची सभा कुटं भरली हुती?" एवढंच विचारून त्यानं त्यांच्या सायकलीत हवा भरून दिली आणि त्यांना वाटेला लावलं. आपल्या माणसांना नावं ठेवायचा हक्क त्यानं दुसऱ्या कुणाला कधी दिला नाही.

तर अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मागायची होती आणि ती वस्तीकडे मागायची होती. आमच्याकडे नवरा-बायकोला कबरस्तानात शेजारी जागा ठेवायची पद्धत. मामी कडेला होती. तिच्या एका बाजूला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला मामासाठी मोकळी ठेवलेली जागा. दुष्काळाच्या वर्षी मामा जरा आजारी पडला आणि मार्थाबाईंनी पंचांपुढं प्रश्न टाकला: ज्याचा विश्वास नाही त्याला विश्वासणाऱ्यांत कसं ठेवायचं? पंचांनाही इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं होतंच. ठरलं की मामानं एकदा विश्वास कबूल करावा, नाहीतर त्या जागेवर त्याचा हक्क नाही.

पाळकसाहेब निरोप घेऊन दुकानावर आले तेव्हा मी तिथंच होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, नुसतं 'हो' म्हणा. मंडळीपुढं नको, मला एकट्याला सांगितलंत तरी मी सांभाळून घेईन."

"तुमी घ्याल हो सांबाळून. तिला कळंल त्याचं काय?"

"पण मेल्यावर काही उरत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

मामा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी सांगतो तसं. ती न्हवती सांगत."

माझी आई रडली, भावाच्या पाया पडली, "दादा, तुझ्या हट्टापायी वहिनी एकटी पडंल," म्हणाली. मामा बधला नाही. खोटं बोलून तिच्या शेजारी झोपलो तर ती तोंड फिरवील, एवढंच त्याचं म्हणणं. मला त्याचा राग यायला हवा होता, कारण मी देव मानणारी, आजही मानते. पण मला पंचांचाच राग आला. देवाला ज्याचं खरं बोलणं चालतं, त्याला यांची हरकत का असावी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी पायरी रिकामी दिसली. पंचांनी एकमेकांकडे समाधानानं पाहिलं, आणि पहिलं गीत संपतंय तोच कबरस्तानाकडून धप् धप् असा आवाज येऊ लागला. मामा कुदळ घेऊन आपली कबर स्वतःच खणत होता. पाळकसाहेबांचं प्रवचन त्या ठोक्यांवर चाललं. वाक्य संपलं की धप्. उपासना सुटल्यावर पंच तरातरा गेले. "कबर खणायची तुला परवानगी नाही," म्हणाले. मामा घाम पुसत म्हणाला, "मी खड्डा खनतोय. कबर तुमी म्हनताय." त्या वर्षी जमीन अशी वाळली होती की मुरमावर कुदळीची ठिणगी उडायची, तरी तो रविवारमागून रविवार खणत राहिला. खड्डा पुरा झाल्यावर त्यानं त्यावर दुकानातला जुना पत्रा झाकला आणि पत्र्यावर दगडाखाली आपला टॉवेल पसरून ठेवला, एस. टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा. गावात या टॉवेलाची इतकी चर्चा झाली की बाजारच्या दिवशी लांबची माणसंही तो बघून जायची.

आणि ऐन मे महिन्यात मार्थाबाई गेल्या. सकाळी शास्त्र वाचता वाचताच गेल्या. वस्तीतले सगळे कर्ते पुरुष पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेलेले, तिथंच झोपड्या टाकून राहिलेले. मागं राहिल्या होत्या बाया, म्हातारे आणि पाळकसाहेब. उन्हात मयत ठेवता येईना. पाळकसाहेबांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि कुदळ घेतली. दुपार कलली तरी खड्डा गुडघ्याइतकाही झाला नाही आणि त्यांच्या तळहातांचे फोड फुटले. मामा पायरीवर बसून बघत होता. मग उठला, कबरस्तानात गेला आणि टॉवेल उचलून त्यानं खांद्यावर टाकला. पत्रा ओढून बाजूला केला.

"साहेब, हात धुवा. खड्डा तयार हाय."

पाळकसाहेबांनी कुदळ खाली ठेवली. "मामा, ती जागा तुमची…"

"लई वर्सं माज्यासाठी वर जागा मागत हुती बाई. वरचं मला काय ठावं न्हाई. खालची माजी हाय, ती दिली."

मामीच्या शेजारी मार्थाबाईंना ठेवलं. मामा कुंपणाबाहेर उभा राहिला आणि प्रार्थना पुरी होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या संध्याकाळी आईनं त्याला जेवायला बोलावलं. तो ताटावर बसून राहिला आणि म्हणाला, "आता ती बाई तिच्या कानाशी रोज माजी गाऱ्हानी सांगनार." मग जेवला.

पुढच्या रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली. जिथं मार्थाबाईंचा आवाज यायचा तिथं काहीच आलं नाही. सगळे डोळे मिटून वाट पाहत होते आणि बाहेरून मामाचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू: "आज माजं नाव न्हाई घ्यायचं का कुनी?" मी उठले. मी त्याचं नाव घेऊन, जमेल तशी, त्याच्यासाठी जागा मागितली. लगेच उत्तर आलं, "आवाज मोठा कर की पोरी." तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

दोनेक वर्षांनी मामा गेला, दुकानातच, हातात चाक असताना. पाळकसाहेब पंचांना काहीच विचारायला गेले नाहीत. थेट कबरस्तानाशेजारच्या शेतावर गेले. त्या शेतकऱ्यानं वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं होतं, त्याच्याकडे जागा मागणं म्हणजे नुसता वेडेपणा. त्यानं ऐकून घेतलं, सायकल भिंतीला टेकवली आणि घरातून कोयता आणला. "निवडुंग मीच तोडतो. तुमाला काटे लागतील," म्हणाला. मामीच्या पलीकडचं कुंपण माणसाच्या रुंदीइतकं त्याच्या शेतात सरकलं आणि मामाला तिथं, तिच्या शेजारी ठेवलं. लिंबू-मिरचीवाली ती सायकल दिवसभर तिथंच उभी होती आणि त्या दिवशी ती कापायला कुणी नव्हतं.

आपल्या मयतावर प्रार्थना करायची नाही, असं मामानं पाळकसाहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. त्यांनी शब्द पाळला, शास्त्र काखेत मिटलेलं ठेवलं. माणसं नुसती उभी राहिली. हातांचं काय करावं हे कुणाला कळेना. मला ते सहन झालं नाही. कुणाचं ऐकायचं नाही हे मी त्याच्याकडूनच शिकले होते, मग त्याचं तरी का ऐकावं? मी त्याचं नाव घेतलं आणि त्याच्यासाठी जागा मागितली, चांगल्या खणखणीत आवाजात. मग सवयीनं थांबले. काहीच उत्तर आलं नाही. मी तरी थांबून राहिले.