तेलाच्या डब्यातलं वाळवंटी गवत

तेव्हा घरात आमी तिघं. मी, आमचे हे आणि सासूबाई. नर्सरीचे शेठ एकदाच आले, तेही दाराशी उभे राहून गेले. आणि पत्र्याच्या पडवीत, तेलाच्या डब्यात, ते गवत.

सानपाड्याला विजेच्या मोठ्या तारांखाली शेठची नर्सरी. तिथं मी कुंड्या भरायचे. ह्यांची तुर्भ्याची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या रोजावर चालायचं. पावसात नर्सरीत पाणी साचायचं, मग बायांना चार महिने सुट्टी. त्या वर्षी शेठ मला म्हणाले, "बाई, हे परदेशी वाळवंटातलं गवत आहे. इथं कुजेल. घरी ने. हे जगतंय तोवर तू पावसातही कामावर ये, शेडमधलं बघ."

झुपकाच तो. लांब बारीक पाती, उसाच्या पात्यासारखी धार. शेठनी सांगितलं तसं लावलं. डब्याला खाली भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे, वर निम्मी रेती, निम्मी माती, गड्डा थोडा उघडा. पाण्याचं म्हणाले, "बोट खुपसून बघ. आतपर्यंत कोरडं लागलं तरच घाल. पावसात नकोच."

मी दुष्काळी गावची. पाण्यावाचून मेलेली झाडं बघितली होती, पाण्यानं मरतं हे डोक्यात शिरेना. हात नुसते शिवशिवायचे. उठता बसता बोट खुपसायचे.

हे म्हणायचे, "ताप मला आलाय, नाडी त्याची बघतेस."

"तुमाला बोलता येतंय. त्याला येत नाही."

पण माती रोज ओली लागायची. पत्रा गळत असंल म्हणून ह्यांच्याकडनं वर प्लास्टिक टाकून घेतलं. डबा ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेला. तरी ओली. कामात लक्ष लागेना. एकदा तर मातीच्या जागी कुंडीत नुसतं खतच भरलं.

एक दिवस छत्री विसरली म्हणून वाटेतनं परत फिरले. सासूबाई न्हाऊन पडवीत उभ्या, हातात तांब्या, डोळे मिटलेले. सूर्याला पाणी देत होत्या. ढगात सूर्य कुटला, पण नेम तो नेम. गावाला ते पाणी तुळशीत पडायचं. इथं तुळस नव्हती. पायदळी नको म्हणून त्या डब्यात सोडायच्या.

मी खाली बसले. मधली पाती धरली तर मुठीतच आली. बुडाला मऊ, आंबट वास.

"काय गं, तहानलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही आत्याबाई. पावसानं गेलं."

डबा उलटा केला. गड्डा काळा पडलेला. कडेला फुटलेलं एक पिल्लू मात्र टणक होतं. ते सुरीनं सोडवलं, कापलेल्या जागी राख लावली, सुपात दोन-तीन दिवस सुकवलं आणि त्याच डब्यात कोरड्या रेतीत खोचलं.

शेठना मी डबा उलटा केला त्याच दिवशी सांगितलं. ते बघायला आले. "गेलं की, बाई. आता दसऱ्यानंतर ये."

मग पावसाळाभर वाशीच्या मार्केटात कांदे निवडले. घरी आले की आधी पिल्लाकडं. ना वाढायचं, ना सुकायचं. उपटून मुळं बघावी असं वाटायचं, हात मागं घ्यायचे.

सासूबाई न्हायल्या की मी त्यांच्यापुढं परात ठेवायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी परातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. दुसऱ्या दिवसापासनं परात त्याच घेऊन यायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला पिल्लाच्या मधनं नवी पात निघाली. डबा काखेत धरून नर्सरीत गेले. शेठनी पात ओढून बघितली, निघाली नाही. "हे तुझ्याकडंच ठेव," म्हणाले. पुढच्या पावसात बाकीच्या बाया घरी बसल्या, मी शेडमध्ये होते.

तुमच्याकडं असं गवत असलं तर पावसात त्याला पाणी घालू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस घालत असलं तर त्याला बोलू नका. खाली एक परात ठेवा.