साळवेसाहेबांचं उघडं दार

साळवेसाहेबांनी आम्हाला ‘काम कुठवर आलं?’ असं कधी विचारलं नाही. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं, त्या दिवसापासून रोज सकाळी कॉलवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, “काय, उघडलं का दार?”

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. काम मेडिक्लेमचे दावे तपासायचं. त्या दिवसांत दाव्यांचा डोंगर साचत होता आणि प्रत्येक दाव्यामागे कुणाचं तरी माणूस हॉस्पिटलात होतं. आमच्या छोट्या टीमचे प्रमुख सुधाकर साळवे. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत, अख्खं कुटुंब एका खोलीत. लॅपटॉप ठेवायला आत जागा नव्हती, म्हणून साहेब दाराबाहेर व्हरांड्यात स्टूल टाकून बसत. आवाज असा, की कॉल न लावताही तो माझ्या दादरच्या घरी पोचला असता.

पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, “कॉल दिवसभर चालू ठेवायचा. कॅमेरा नको, कुणाचं घर कुणी बघायचं नाही. बोललंच पाहिजे असंही नाही. आमच्या चाळीत सकाळी दार उघडलं की ते झोपायच्या वेळीच लागतं. बंद दिसलं तर शेजारी विचारतो, सगळं बरं आहे ना? बस, एवढंच.”

मी मनातून चरफडले. मी एकटी राहणारी. माझ्या दाराला लॅच, वर साखळी, आणि शेजाऱ्यांची नावं मला फक्त पाट्यांवरून माहीत. हा पाळत ठेवायचा चाळकरी प्रकार आहे, असं माझं ठाम मत झालं. पण आठवडाभरात त्या कॉलची चटक लागली. कुणाच्या घरी फोडणी पडायची, कुणाचं पोर पाढे म्हणायचं, आणि मध्येच हाक यायची, “साहेब, हे बिल दोनदा लावलंय वाटतं.” अडलं की लगेच सुटायचं. खरं सांगते, ते आवाज कानावर नसते तर त्या घरात मला वेड लागलं असतं.

साहेबांच्या दारातून शेजारच्या शेवंताकाकूही आमच्या ऑफिसात आल्या. त्या आपल्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या आणि आमचं सगळं ऐकायच्या. एकदा ऐन चर्चेत मी खोकले, तर पलीकडून आवाज आला, “कोण खोकतंय रे सुधाकर? तिला म्हणावं, हळदीचं दूध घे.” साहेब गंभीरपणे म्हणाले, “ऐकलंस ना? घे.”

एकच दार उघडूनही बंद असायचं. रिटा परेरा, गिरगावात खोताच्या वाडीत आईबरोबर राहणारी. कॉलवर तिचं नाव दिसायचं, माइक मात्र कायम बंद. तिचं काम मागे पडत चाललं होतं. मी साहेबांना म्हटलं, “तिला माइक चालू करायला सांगा ना.”

“दारावरचा पडदा ज्याचा त्यानं सारायचा असतो,” ते म्हणाले. “आपण बाहेरून हाक मारायची.”

तेवढ्यात कंपनीतल्या वरच्यांनी स्क्रीनवर आमच्या प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवा लावला. हात कीबोर्डवर असला की हिरवा, उठलं की पिवळा. रिटाचा दिवा अर्धा दिवस पिवळा असायचा. साहेबांच्या वरच्या मॅनेजरनं त्यांच्याकडे कामावरून कमी करायला एक नाव मागितलं आणि कुणाचं ते सुचवूनही टाकलं. साहेबांनी त्याला सांगितलं, “दिव्यावरून काय कळतं सर? सिग्नल हिरवा असतो आणि गाडी बंद पडलेली असते.”

दुसऱ्या दिवशी कॉलवर ते सरळच म्हणाले, “रिटा, तुझं नाव मागितलंय. मी दिलं नाही. पण नुसतं नाही म्हणून किती दिवस भागणार? काय चाललंय ते सांगावंसं वाटलं तर सांग. इथे सगळी घरचीच आहेत.”

मग रिटाचा माइक सुरू झाला आणि तिच्याआधी तिच्या आईचाच आवाज आला, “दार उघड गो, पप्पा आलेत!” पप्पांना जाऊन वर्षं लोटली होती. आईला विसरण्याचा आजार होता. ती दिवसभर दाराकडे धावायची, ओरडायची, आणि रिटा काम टाकून तिच्यामागे. “मला लाज वाटायची साहेब,” रिटा रडत म्हणाली. “सगळे ऐकतील म्हणून...”

साहेबांना बोलायला मिळालंच नाही. काकूंनी व्हरांड्यातूनच हाक दिली, “अगं पोरी, आईला दे की फोन. आज कालवण कशाचं केलंय, विचारते.”

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की साहेब दुसऱ्या फोनवर त्या दोघींना जोडून द्यायचे. रिटाची आई बोंबलाच्या कालवणात बटाटा घालायची. काकूंच्या मते हा गुन्हा होता. हे भांडण रोज नव्यानं व्हायचं, कारण आईला कालचं आठवत नसे आणि काकूंना हार मानवत नसे. तेवढा वेळ आई खुर्चीत बसायची आणि रिटा भराभर दावे उरकायची. राहिलेले आम्ही वाटून घ्यायचो. साहेब वर एकेकाचा हिशोब न देता सगळ्या टीमचं काम एकत्र दाखवायचे.

एकदा मॅनेजर न सांगता कॉलवर आला, तेव्हा बटाट्याचं भांडण अगदी रंगात होतं. “या कोण?” त्यानं विचारलं.

“आमच्या टीममध्ये आहेत सर. बिनपगारी,” साहेब म्हणाले. “आणि रिटाचं आजचं काम बघा. एक दावा शिल्लक नाही.”

रिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. साहेबांच्या हक्काची बढती मात्र दुसऱ्याला गेली. आम्ही हळहळलो, तर म्हणाले, “बरं झालं. केबिन मिळाली असती तर दार लावून बसावं लागलं असतं.”

पुढे साहेब निवृत्त झाले. चाळ पाडली आणि त्यांना नव्या टॉवरमध्ये घर मिळालं. रिटाची आई गेली, त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर लांबलचक गुळगुळीत पॅसेज आणि ओळीनं बंद दारं. एकच सताड उघडं होतं, ते जुनं स्टूल लावून. घराचा नंबर बघावा लागला नाही.

आत टेबलावर फोन ठेवलेला होता. त्यातून कुकरची शिट्टी ऐकू आली. “काकूंकडची,” साहेब म्हणाले. “सोडतीत त्यांना पलीकडची इमारत लागली. सकाळी फोन लावतो, रात्री ठेवतो. बोलत काही नाही आम्ही.”

“कोण आलंय रे?” फोनमधून काकूंनी विचारलं.

“रिटा आलीय, काकू.”

फोनमधून गॅस बंद केल्याचा खट आवाज आला. मग काकू म्हणाल्या, “तुझ्या आईचं बरोबर होतं गं बाय. मी घालून बघितला बटाटा. चांगला लागतो.”

रिटा टेबलावर डोकं टेकून रडली. मलाही आवरलं नाही. साहेब तिच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते. ह्या माणसाच्या हाताखाली आपण काम केलं, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

निघताना सवयीनं मी स्टूल सारलं आणि दार ओढून घेतलं. ते लागल्याचा आवाज फोनमधून पलीकडे गेला असावा. साहेब ते उघडायच्या आतच बंद दारातून काकूंचं ओरडणं ऐकू आलं, “सुधाकर, दार कुणी लावलं रे? बरं आहे ना?”