पोटातले जावई

चहा घ्या, पण साखर टाकायच्या आधी माझी फजिती ऐकाच. नंतर टाकायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जर्मनीत आतड्यातल्या जिवाणूंवर शिकून मी बोरीला परत आले, ती थेट मराठवाड्यातला मधुमेह हद्दपार करायलाच! तसा निश्चय विमानातच झाला होता. आणि पहिला पेशंट घरातच सापडला. आमचे दिगंबरमामा. शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, साखर नुकतीच काठावर आलेली.

डॉक्टर म्हणाले होते, "चालत राहा, जेवण सांभाळा. पुढच्या तपासणीत साखर उतरली तर गोळी नको."

मामांना गोळीची भारी धास्ती. त्यांच्या थोरल्या भावाचं एका गोळीवरून सुरू झालं आणि इंजेक्शनपर्यंत गेलं. ते त्यांनी जवळून पाहिलेलं.

"अनुजा, तेवढी गोळी टाळ गं माय."

"मामा, गोळी लागणारच नाही!"

असं छातीठोक बोलणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे कुणीतरी गप्प करायला हवं, नाही का? पण मला कोण करणार? मी जर्मनीहून आलेली!

मी समजावायला बसले. "मामा, आपल्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात."

"अरे देवा!" मामांनी आत मामींना हाक मारली. "शकू, ऐकलंस का? माझ्या पोटात किडे हायत म्हणं!"

"किडे नाहीत हो. जावई समजा! नीट खाऊ घातलं तर घराचं भलं करतात. आबाळ झाली तर रुसतात, आणि मग साखरेचं तंत्र बिघडतं."

मामांचे डोळे चमकले. पुढे मी ज्वारी, डाळी, पालेभाज्या असं सगळं सांगितलं. मामा मान डोलवत होते. मला वाटलं, काय सोपं करून सांगितलं मी!

फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. महिना अधिकाचा होता. इतकी वर्षं बाहेर काढली की माणसाला महिने जानेवारी-फेब्रुवारीच उरतात.

मी आपली वालूर, पालम करत व्याख्यानं द्यायला निघाले. एसटीत बसल्या बसल्या मामांना फोन.

"मामा, जावई कसे आहेत?"

"लय खूश हायत! ताट पुसून काढायलेत."

"रुसत नाहीत ना?"

"रुसतील कामून? मी आग्रह करकरून वाढायलोय!"

मला भरूनच आलं. पालमच्या व्याख्यानात मी चक्क मामांचं उदाहरण दिलं. म्हटलं, आमच्या बोरीत एका गृहस्थांनी आतडं जिंकलंय! टाळ्या पडल्या हो. आता त्या टाळ्या आठवल्या की कान तापतात.

मग तपासणीचा दिवस आला. मामा नवा सदरा घालून, मामींना घेऊन माझ्याबरोबर जिंतूरला आले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मामांकडे पाहिलं, पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"काका, साखर बरीच चढलीय. खाता काय?"

मामा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मामीच बोलल्या, "धोंडे की हो! पुरणाचे, वरून तूप. आमचे जावई सुट्टी न्हाई म्हणून आलेच न्हाईत. म्हणलं, खरा न्हाई तर पोटातला तरी जेवू दे. महिनाभर करायले मी, हिनंच सांगितलं म्हणून."

"अहो मामी, मी ज्वारी सांगितली होती! डाळी, पालेभाज्या..."

मामा अगदी निरागसपणे म्हणाले, "ते ऐकलं की. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला भाकर अन् पालेभाजी वाढायची? लोक तोंडात शेण घालतील, अनुजा!"

मी रोज फोन केला, जावयांची खुशाली विचारली. त्यांच्या ताटात काय आहे, हे एकदाही विचारलं नाही.

डॉक्टर हळूच मला म्हणाले, "जिवाणूंचा संबंध असेल, मॅडम. अभ्यास चाललाय. पण तोवर यांना जरा चालायला तरी लावायचं होतं." मी चालण्याचं एकदा तरी विचारलं होतं का? छे! मला जिवाणूंपुढे पाय दिसलेच नव्हते.

गोळी सुरू झाली.

परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडायलीस कामून? तू बरोबरच सांगितलंस. वाढणारा मीच जरा जास्त हौशी निघालो." रागावले असते तर सोपं गेलं असतं हो.

आता मामा रोज सकाळी चालतात, भाकरी खातात. साखर उतरतेय, पण गोळी काही सुटलेली नाही. "ही अनुजानं लावलेली," असं मामा गमतीनं एकदा म्हणाले, आणि घरात तिला तेच नाव पडलं.

परवा सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. आतून मामींचा आवाज आला, "अवो, अनुजा घेतली का?"

"घेतली, घेतली! घोटभर पाण्याबरोबर गिळली!"

मामांची गोळी टाळायला एवढ्या लांबून आले मी. आता त्या घरात मीच रोज जेवणाआधी गिळली जाते.